पोतनिसांच्या मुजऱ्यावर काट्याचा इलाज

बळवंतराव पोतनिसांचा उजवा हात बळवंतरावांचं ऐकत नसे.

बाकीचं शरीर तसं आज्ञाधारक होतं. वेळेवर झोपत होतं, वेळेवर कचेरीत जात होतं, वनमालाबाई वाढतील ते मुकाट्याने पचवत होतं. पण कुणी वरिष्ठ समोर आला, किंवा नुसता वरिष्ठासारखा खाकरला, की बळवंतरावांच्या तळव्यांना घाम सुटे, जीभ टाळूला चिकटे, कंबर लवे आणि तो उजवा हात जमिनीपासून कपाळापर्यंत तीन वेळा जाऊन येई. अस्सल दरबारी मुजरा. दख्खनमधून ग्वाल्हेरीस आल्यापासून पोतनिसांच्या सगळ्या पिढ्या हेच करत आल्या होत्या आणि त्याबद्दल त्यांना अधूनमधून शालजोडीही मिळे. आता संस्थान जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण ही बातमी हातापर्यंत कुणी पोचवली नव्हती.

साल छप्पन्न. आधी संस्थान विलीन होऊन मध्य भारत झाला होता. आता मध्य भारत विलीन होऊन मध्य प्रदेश व्हायचा होता. त्यातला 'मध्य' तेवढा शाबूत राहणार हे नक्की होतं, बाकी कशाचाच भरवसा नव्हता. राजधानी भोपाळला जाणार, तिच्या मागोमाग कचेऱ्या जाणार, कचेऱ्यांमागे माणसं. शिंदे की छावनीपासून जयेंद्रगंजपर्यंत मराठी घरांत कुणी कुणाला भेटलं की पहिला प्रश्न, "तुमचं काय झालं?" ज्याचं काहीच झालं नव्हतं तो स्वतःला भाग्यवान समजत होता.

बळवंतराव फरासखान्याचे मुख्य होते. म्हणजे दरबारचे तंबू, शामियाने, कनाती, गालिचे आणि मसनदी यांचे ते सर्वेसर्वा. दरबारच उरला नाही तेव्हा हे खातं कशाला, असा प्रश्न नव्या राज्यात कुणी विचारला तर त्यात चूक काहीच नव्हतं. पण माल होता, तो भोपाळला हलवण्याइतका आगगाडीचा डबा मोठा नव्हता. म्हणून सरकारने ठरवलं की या मालापाशी ग्वाल्हेरीत एक अधिकारी ठेवायचा. एकच. त्यासाठी जबलपूरचे चौबेसाहेब कमिटी घेऊन येणार होते. ही जागा मिळाली तर बळवंतराव शिंदे की छावनीत म्हातारे होणार होते. नाही मिळाली तर भोपाळ.

आणि चौबेसाहेबांनी येण्याआधीच एका भाषणात जाहीर करून टाकलं होतं : "जनता के राज में कमर सीधी रहनी चाहिए. जो झुका, वो हमारे काम का नहीं."

हे ऐकून ज्याची कंबर सर्वांत जास्त धसकली ती बळवंतरावांची. कारण त्यांचा लौकिक चौबेसाहेबांपर्यंत पोचला असणार यात शंका नव्हती. झेंडावंदनाच्या वेळी मंत्र्यांची मोटार आली, आधी ड्रायव्हर उतरला आणि बळवंतरावांनी त्याला साग्रसंगीत तीन मुजरे घातले होते. ड्रायव्हर बिचारा हात जोडून उभा राहिला. मंत्री पलीकडच्या दाराने उतरून आपला नंबर येण्याची वाट पाहत होते.

असल्या प्रसंगी माणसाने गप्प बसावं, पण बळवंतरावांनी आपलं दुःख शेजाऱ्यांना सांगितलं. त्यानंतर सल्ल्यांना तोटा राहिला नाही. शांताताईंनी ब्राह्मीचं तेल सुचवलं आणि ते डोक्याला लावायचं की हाताला, याबद्दल स्वतःच गोंधळल्या. दरबारातून पेन्शन घेतलेले मुकुंदराव तर भडकलेच. "मुजरा हा काय रोग आहे? घराण्याची निशाणी आहे ती! इलाज चौबेचा करा." शिकारखान्याचे जयसिंहराव धुमाळ याच जागेसाठी उमेदवार होते. तेही मुद्दाम येऊन खुर्चीत रेलले आणि म्हणाले, "पोतनीस, आमच्या पणजोबांनी तोफेसमोर छाती काढली होती. तुम्ही चौबेसमोर नुसतं उभं तर राहून दाखवा." शिकारखान्यात त्या वेळी दोन भुसा भरलेले वाघ आणि जयसिंहराव एवढंच उरलं होतं. तिघांचाही रुबाब सारखाच होता.

वनमालाबाई तेवढ्या शांत होत्या. "भोपाळ तर भोपाळ," त्या कणीक तिंबता तिंबता म्हणाल्या. "तिथं काय चूल पेटत नाही? तुम्ही उगीच जीव जाळून राहिलात." जयेंद्रगंजात जन्मलेली आणि शिंदे की छावनीत दिलेली ही बाई, उभा जन्म दोन मोहल्ल्यांत काढलेला, पण चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. शेजारणी म्हणाल्या, बायको असावी तर अशी. बळवंतरावांनाही ते पटलं आणि ते पुन्हा स्वतःच्या हाताची काळजी करू लागले.

इलाज सापडला तो भिंतीपलीकडे. शेजारचे संभाजीराव माने कॉलेजात फिजिक्सचे डेमॉन्स्ट्रेटर होते. पूर्वज पलटणीत तोफा डागायचे; संभाजीरावांच्या वाट्याला बॅटऱ्या आल्या. त्यांनी कुठल्याशा विलायती मासिकात काही वाचलं होतं, आणि वाचलेलं दुसऱ्यावर करून पाहण्याची त्यांना मूळची हौस.

"बळवंतराव, गलती हाताची नाहीच आहे," ते म्हणाले. "हात तर सगळ्यांत शेवटी उठतो. त्याच्याआधी घाम येतो, आणि घामाच्याही आधी भीती. ती आत कधी शिरली ते तुम्हाला पत्ताच लागत नाही. पत्ता लागला तर तुम्ही तिला दारातच रोकू शकता ना?"

"आणि पत्ता कसा लागणार?"

"काटा सांगेल."

योजना अशी होती : दोन बोटांना पितळेच्या दोन पट्ट्या बांधायच्या. त्यांतून बॅटरीची इवलीशी वीज सोडायची, कळणारसुद्धा नाही इतकी. माणूस आतून घाबरला की तळवा किंचित ओला होतो, ओल्यातून वीज जास्त वाहते आणि मीटरचा काटा वर चढतो. माणूस निवला की काटा उतरतो. समोर काटा पाहत बसायचं, आपल्या मनात काय आलं की तो चढतो आणि काय आलं की उतरतो ते शिकायचं, आणि हळूहळू तो आपणच उतरवायचा. शरीराची चहाडी शरीरालाच ऐकवायची आणि त्याला लाजवायचं, असं संभाजीरावांचं शास्त्र होतं.

मीटर कॉलेजात होता, पण प्रयोगशाळेतलं सामान नव्या राज्याच्या हिशेबासाठी मोहोरबंद झालं होतं. एखाद्या सरकारी खात्याने कामासाठी मागितलं तरच ते बाहेर पडणार. बळवंतराव स्वतःच खातं होते. पण मागणीपत्रात 'खातेप्रमुखास घाम फुटतो म्हणून' असं लिहिणं बरं दिसेना. शेवटी संभाजीरावांनी तोड काढली : ओल मोजायचीच आहे ना? मग 'गालिच्यांतील ओल शास्त्रीय पद्धतीने तपासण्यासाठी' असं लिहा. बळवंतरावांनी लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच खोटं लिहिलं म्हणून त्यांना सहीच्या वेळी इतका घाम आला की शाई पसरली.

मीटर आला आणि पाठोपाठ वरच्या कचेरीचं पत्रही आलं : ओलीच्या तपासणीचा अहवाल पाठवावा. सरकारला एरवी दहा स्मरणपत्रं लिहिली तरी जाग येत नाही, पण जिथं येऊ नये तिथं ती हमखास येते. मग बळवंतराव आणि संभाजीराव फरासखान्यात जाऊन एकेका गालिच्याला पट्ट्या टोचत बसले. अहवाल मोठा नामी झाला. कुठला गालिचा किती ओला, कोणत्या भिंतीकडचा जास्त, कुठून पाणी मुरत असावं, सगळं त्यात आलं. एकंदरीत गालिचे बळवंतरावांपेक्षा पुष्कळच शांत निघाले.

मग घरी बळवंतरावांची पाळी. ओसरीवर टेबल मांडलं, बोटांना पट्ट्या बांधल्या आणि संभाजीराव एकेक शब्द उच्चारू लागले.

"वरणभात."

काटा जागच्या जागी.

"चीफ सेक्रेटरी."

काटा चढला.

"चौबेसाहेब."

आणखी चढला.

"भोपाळ."

काटा टोकाला जाऊन आदळला, बळवंतरावांची कंबर लवली, उजवा हात पट्ट्यांसकट जमिनीकडे गेला आणि तारांनी ओढलेली बॅटरी संभाजीरावांच्या पायाच्या अंगठ्यावर पडली. पहिल्या दिवशीचा प्रयोग तेवढ्यावर आटोपला. संभाजीराव लंगडत घरी गेले, पण प्रयोग यशस्वी झाला म्हणत गेले.

काटा चढवणं सोपं होतं. उतरवायचा कसा, हा प्रश्न. दीर्घ श्वास घेऊन पाहिला, तर श्वास बरोबर घेतो आहोत की नाही या काळजीने काटा वर. रामरक्षा म्हणून पाहिली, तर लहानपणी चुकल्यावर वडिलांनी हाणलेल्या छड्या आठवल्या आणि काटा आणखी वर. शांताताईंच्या तेलाने तर पट्ट्याच निसटू लागल्या. "मनात काहीच आणू नका," असं संभाजीरावांनी सुचवलं. काहीच न आणण्याच्या धडपडीत बळवंतरावांना धाप लागली.

तोवर बातमी फुटली होती, आणि फुटताना तिने आपला आकार बदलला. पोतनिसांच्या घरी काट्याचं यंत्र आहे, इथून ती निघाली. भोपाळचं सरकार प्रत्येकाला काटा लावूनच घेणार आहे, इथवर पोचली. कचेरीतली मंडळी 'जरा प्रॅक्टिस करू द्या हो' म्हणत ओसरीवर येऊन बसू लागली. मोहल्ल्यातल्या मंदाताईंनी नवऱ्याला धरून आणला, बोटं बांधली आणि रोज संध्याकाळी तो नेमका कुठे जातो ते सगळ्यांदेखत विचारलं. काटा टोकाला गेला. तो बिचारा खरोखरच मारुतीला जात होता, पण हे पुढे पुष्कळ दिवसांनी सिद्ध झालं. या सगळ्यांना चहा वनमालाबाई करत होत्या. "वहिनी, तुम्ही पण एकदा बसा ना," संभाजीराव म्हणत. "माझे हात कणकेचे आहेत," असं म्हणून त्या आत जात. सकाळ असो की दुपार, त्यांचे हात कणकेचेच असत.

गुरुकिल्ली सापडली ती अचानक. एका रविवारी गर्दी पांगली होती, पट्ट्या बोटांना तशाच होत्या आणि बळवंतराव कंटाळून दसऱ्याच्या दरबाराचा मोठा शामियाना आठवत बसले होते. तो उभारण्याचा थाट सगळ्यांनी पाहिलेला. पण दरबार उठल्यावर तो उतरवण्याची गंमत फक्त बळवंतरावांना ठाऊक. आधी कडेच्या दोऱ्या सैल करायच्या, मग कनाती गुंडाळायच्या, मग मधला खांब हळूच कलता करायचा. कापड श्वास सोडल्यासारखं खाली बसतं. मग त्याच्या घड्या, कोपऱ्याला कोपरा.

"अरे!" संभाजीराव ओरडले. "काटा पाहा!"

काटा तळाला जाऊन बसला होता. बळवंतरावांनी मान वळवून आत पाहिलं. वनमालाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. "उतरला का? छान झालं," म्हणाल्या आणि कणकेकडे गेल्या.

त्यानंतर तालीम चढत गेली. संभाजीराव "चौबे!" म्हणून ओरडत, बळवंतराव मनात दोरी सैल करत. "भोपाळ!" म्हटलं की कनात गुंडाळत. संभाजीरावांनी एक मंत्र मात्र पक्का भरवला होता : "कोणत्याही सवालावर वाद नाही घालायचा. वाद घातला की काटा चढला. जे म्हणतील त्याला हो म्हणायचं आणि घडी घालत राहायचं." शेवटी अशी वेळ आली की मुकुंदरावांनी चौबेसाहेबांसारखा कोट घालून "पोतनीस!" अशी डरकाळी फोडली तरी बळवंतराव मांडीवर हात ठेवून शांत बसले. मुकुंदरावांना ते सहन झालं नाही. "पोतनिसांचा हात मेला," असं म्हणून ते कोट काढून निघून गेले.

मुलाखतीच्या दिवशी दालनात अंथरलेला गालिचा फरासखान्याचाच होता. तो उलटा अंथरला होता, पण बळवंतरावांनी तेही शांतपणे पाहिलं. आधी जयसिंहरावांना बोलावलं. ते छाती काढून, पणजोबांची आठवण ठेवून आत गेले. दार उघडंच होतं.

"धुमाळ साहब," चौबेसाहेब म्हणाले, "आपको अगर भोपाल भेजा जाए तो?"

पुढे जे झालं ते जयसिंहरावांनाही नीट सांगता आलं नसतं. तोफेसमोर छाती काढणाऱ्या पणजोबांनी तोफेमागच्या सरदारासमोर काय काढलं होतं, हे इतक्या वर्षांनी बाहेर आलं. जयसिंहरावांची कंबर लवली, हात खाली गेला, पहिला मुजरा झाला, दुसरा झाला, आणि तिसऱ्याला खाली गेलेले जयसिंहराव वर आलेच नाहीत. कंबरेत उसण भरली होती. कमिटीने बराच वेळ वाट पाहिली. चौबेसाहेब म्हणाले, "बस, बस, उठिए." जयसिंहराव जमिनीकडे पाहत म्हणाले, "उठता येईना, सरकार." शेवटी चार चपराश्यांनी त्यांना होते तसेच, काटकोनात, उचलून बाहेर नेलं. बळवंतरावांच्या शेजारून जाताना ते गालिच्याकडे पाहून कण्हले.

मग बळवंतराव आत गेले. घाम नाही. जीभ मोकळी. नमस्कार केला, तोही छातीपाशीच, आणि समोरच्या खुर्चीत बसले. चौबेसाहेबांनी चष्मा सरकवून त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्याची कीर्ती खरंच पोचली होती. हात मांडीवर होता.

"भोपाल जाना पड़े तो, पोतनीस साहब?"

बळवंतराव मनात तिसरी दोरी सैल करत होते. वाद घालायचा नाही. "चला जाऊँगा," ते म्हणाले. आवाज असा निघाला की त्यांना स्वतःलाच अभिमान वाटला.

"घर-बार छूटेगा."

"छूटेगा," बळवंतराव म्हणाले आणि त्यांनी मधला खांब कलता केला.

चौबेसाहेब खुर्चीत मागे टेकले. "देखा?" ते इतरांना म्हणाले. "पूरे ग्वालियर में पहला आदमी मिला, जिसको भोपाल का नाम सुनकर पसीना नहीं छूटता." आणि त्यांनी समोरचे कागद उचलले. "और ये गालीचों की सीलन पर आपकी रिपोर्ट है न? साहब, कमाल की चीज़ है. भोपाल में तालाब ही तालाब हैं. नए दफ़्तरों की दीवारें सीलन से फूल रही हैं, और वहाँ किसी को इसका शास्त्र नहीं आता. आपकी तो हमें वहाँ सख़्त ज़रूरत है."

इथे कुठल्याही माणसाने ओरडायला हवं होतं. बळवंतरावांच्या पोटातून एक ओरडा निघालाही. पण दोन महिन्यांची तालीम फुकट जात नाही. छातीपर्यंत येताच त्याची आपोआप घडी पडली. कोपऱ्याला कोपरा. "जी," ते म्हणाले.

हुकूम संध्याकाळपर्यंत निघाले. बळवंतराव भोपाळला, इमारतींची ओल तपासायला. आणि जयसिंहरावांना डॉक्टरांनी आगगाडीचा प्रवास वर्ज्य सांगितला असल्यामुळे माणुसकीच्या दृष्टीने त्यांना ग्वाल्हेरीतच, फरासखान्यावर. गालिच्याची सुलटी बाजू कोणती हे त्यांना तिच्यावर ओणवं होऊनही कळलं नव्हतं.

बळवंतराव घरी आले तेव्हा संभाजीराव ओसरीवर काट्याशेजारी पेढे घेऊन बसले होते. सगळं ऐकून त्यांनी पेढ्यांचा पुडा हळूच बंद केला. "पण काटा चढला नाही ना?" त्यांनी विचारलं. बळवंतरावांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते "मीटर उद्या परत करायचा आहे" असं काहीतरी पुटपुटत घरी गेले.

वनमालाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चेहरा नेहमीसारखाच, रेघ हललेली नाही. "भोपाळ तर भोपाळ," त्या म्हणाल्या. "मोठा हंडा नेता येईल का, ते विचारून ठेवा." आणि आत जाता जाता थांबल्या. त्यांनी पदराला हात पुसले, खुर्ची ओढली आणि बोटं पुढे केली.

"बांधा ती पट्टी मला."

"अगं, आता कशाला? सगळं आटोपलं."

"बांधा म्हटलं ना. अवघ्या मोहल्ल्याने बांधून पाहिली. मीच राहिले आहे."

बळवंतरावांनी पट्ट्या बांधल्या. शब्द कुठला म्हणायचा याचा ते विचार करत होते, पण त्याची गरज पडली नाही. काटा स्वतःच निघाला. चीफ सेक्रेटरी गेला, चौबेसाहेब गेले, आणि तो टोकाला जाऊन आदळून तिथेच थरथरत राहिला. बळवंतरावांनी वर पाहिलं. वनमालाबाई शांतपणे समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या. चेहऱ्यावरून तर कुणी म्हणालं असतं की त्या भाजीला काय करायचं याचा विचार करत आहेत.

"कधीपासून?" बळवंतरावांनी विचारलं.

"तुमचा हात बरा होवो म्हणून बोलले नाही," त्या म्हणाल्या. "घरात एकच काटा होता."

बळवंतरावांना फार वाईट वाटलं. दोन महिने ते या टेबलाशी बसून स्वतःचा घाम पाहत होते, आणि माहेरी जयेंद्रगंजात असलेली आई, ही ओसरी, ही माणसं सोडून जाण्याची भीती रोज त्यांच्यासमोर चहाचे कप ठेवून जात होती. त्यांनी सवयीने शामियाना आठवून पाहिला. दोरी हाताला लागेना.

मग ते उठले. एक पाऊल मागे सरकले. त्यांनी कंबर लववली, उजवा हात जमिनीला टेकवला आणि कपाळाला नेला. एकदा. दोनदा. तळवा कोरडा होता, जीभ मोकळी होती, आणि हात पहिल्यांदाच त्यांचं ऐकत होता.

"अहो, हे काय करून राहिलात!" वनमालाबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. काटा टोकावरून हलला आणि हळूहळू खाली येऊ लागला. "उठा आता. पाठ धरेल तुमची त्या जयसिंहरावांसारखी, आणि मग आगगाडीत..."

बोलता बोलता त्या थांबल्या. तिसऱ्या मुजऱ्याला खाली गेलेले बळवंतरावही तसेच थांबले.

मग वनमालाबाईंनी आवाज खाली आणला.

"अजून थोडं वाका बघू," त्या म्हणाल्या.